परिचर्या शिक्षण (महाराष्ट्र)
परिचर्या शिक्षण : रुग्णसेवेच्या व्यवसायासाठी दिले जाणारे शिक्षण. समाजसुधारक रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदन संस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभी विधवांना ससून रुग्णालयात परिचर्येचे धडे घेण्यास पाठवले. परजातीच्या रुग्णाला हात लावणे तेव्हा समाजाला रुचत नव्हते. हे पाऊल किती धाडसाचे होते, ते त्यावरून कळावे.

आज बारावीनंतर एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका, २ वर्षे), जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसाविका, ३ वर्षे) व बी.एस्सी. नर्सिंग (४ वर्षे) हे मार्ग आहेत. पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते. बहुतेक पदवी महाविद्यालये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. नोकरीपूर्वी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी बंधनकारक असते.

खरे शिक्षण वॉर्डात होते. ५०० मि.लि. सलाइन ८ तासांत द्यायचे आणि संचातून २० थेंबांचा १ मि.लि. होत असेल, तर मिनिटाला सुमारे २१ थेंब पडले पाहिजेत. विद्यार्थिनी घड्याळ धरून ते मोजते, नळीवरची चाकी सैल-घट्ट करते. पाठ्यपुस्तकात हे गणित एका ओळीचे. रात्रपाळीत एकटीकडे तीस रुग्ण असले की त्याचे वजन कळते.

सरकारी सेवेत अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी चढण असते, पण बढती रेंगाळते. सैनिकी परिचर्या सेवेत थेट अधिकारीपद मिळते. खासगी रुग्णालयांत किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने केली. लहान रुग्णालयांत ती बव्हंशी कागदावरच राहिली. काही जणी परदेशाची वाट धरतात; जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्यांना पदवीइतकीच जर्मन भाषेची परीक्षाही महत्त्वाची ठरते.