फियाट ठेवायची की काढायची

आमच्या मोहोळ तालुक्यात फियाट हे कंपनीचं नाव नव्हतं, गाडीच्या जातीचं नाव होतं. जशी बैलात खिलार, तशी मोटारीत फियाट. कंपनीनं पत्र्यावर प्रीमियर पद्मिनी असं लिहिलेलं असलं तरी गावात कुणी पद्मिनी म्हणाल्याचं मला आठवत नाही. डॉक्टरची फियाट, चेअरमनची ॲम्बॅसिडर आणि बाकीच्यांना एसटी, असा माझ्या दहावीच्या वेळचा हिशेब होता.

आमची फियाट १९८७ सालची. १९९४ साली उसाचं बिल आल्यावर मी ती सोलापूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली. डॉक्टरांनी मारुती घेतली म्हणून फियाट आमच्या वाट्याला आली. २०२२ साली तिला पस्तीस वर्षं झाली आणि कागद परत नवे करायचे का गाडी काढायची, हा प्रश्न घरात पडला. त्याचा निकाल कसा लावला ते सांगतो. पण ही गाडी एवढी टिकली कशी ते आधी सांगायला पाहिजे, कारण निकालाचं मूळ तिथंच आहे.

ही गाडी बनवणारी कंपनी काढली ती सोलापूरच्या माणसानं. वालचंद हिराचंद दोशी. जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२. घरची सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. पण यांचं मन त्यात रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक नावाच्या जोडीदाराबरोबर त्यांनी रेल्वेची ठेकेदारी धरली. पुढं जहाजाची कंपनी, बंगळूरला विमानाचा कारखाना, आपल्या शेजारी इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना, असं एकातून एक करत गेले. मोटारीचा कारखाना काढायचा म्हणून ते अमेरिकेपर्यंत जाऊन आले. इंग्रज सरकारची त्यात काही हौस नव्हती. तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली गाड्या बाहेर पडायला लागल्या. त्या क्रायस्लर कंपनीच्या बनावटीच्या होत्या. इटलीच्या फियाटबरोबरचा करार त्यानंतरचा, पन्नाशीच्या सुरुवातीचा. १९५३ साली वालचंदशेठ वारले.

त्याच सुमाराला सरकारनं एक धोरण ठरवलं. परदेशातून सुटे भाग आणून इथं नुसते जोडायचे हे चालणार नाही, भाग इथंच बनले पाहिजेत. ज्या परदेशी कंपन्यांना ते जमणार नव्हतं त्या निघून गेल्या. कुर्ल्याच्या कारखान्यानं ते केलं. फियाट ११०० चे भाग हळूहळू इथं बनायला लागले. पुढं फियाटबरोबरचा करार संपला, नाव आधी प्रेसिडेंट झालं, मग १९७४ च्या सुमाराला पद्मिनी झालं. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. गिअर तोच, स्टिअरिंगच्या दांड्याला. लोक त्या काळात गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. गाडीत नवं काही येत नाही म्हणून शहाणी माणसं नावं ठेवत, ते खरंच होतं. कारखान्याला स्पर्धा नव्हती आणि गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय नव्हता.

पण त्याची दुसरी बाजू आमच्यासारख्याला उपयोगी पडली. गाडी तीस-पस्तीस वर्षं बदललीच नाही, म्हणून तिचा भाग कुठंही मिळे आणि तिचं काम कुणालाही येई. सोलापुरातला माझा मिस्त्री चौथी शिकलेला. चालू इंजिनाला कान लावून तो सांगायचा, प्लॅटिनम खराब हाय का कार्बोरेटरात कचरा हाय. एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि एक पॉलिश पेपर एवढ्यावर मी स्वतः ती तीन-चार वेळा रस्त्यात चालू केलेली आहे. गाडी टिकते ती पत्र्याच्या जाडीवर नाही. तिचे भाग आणि तिचा जाणकार जोवर जवळ आहे तोवर ती टिकते.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तेव्हा फियाटचे दिवस भरत आले. २००० सालाच्या आसपास पद्मिनी बनायची थांबली. आमच्या गाडीला त्या दिवशी काही झालं नाही. पण त्या दिवसापासून तिचं खरं म्हातारपण सुरू झालं. दर दोन-तीन वर्षांनी मिस्त्री एखाद्या भागासाठी बोट वर करी. "अण्णा, नवा न्हाई मिळत. जुन्या गाडीचा काढून बसवतो." पुढं पुढं जुन्या गाड्याही संपत आल्या.

आता कागदाचं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणीत पास झाली तर पाच-पाच वर्षं वाढवून मिळते, वर पर्यावरण कर भरायचा. आमची गाडी २००२, २००७, २०१२ आणि २०१७ अशी चार वेळा पास झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारनं जुनी वाहनं मोडीत काढायचं धोरण आणलं, आणि १ एप्रिल २०२२ पासून अशा मोटारीची नोंदणी वाढवायची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. गावात अफवा उठली की जुन्या गाड्या सरकार उचलून नेणार. तसं काही नव्हतं. दिल्लीत डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची बंदी होती, ती तिथल्या हवेमुळं. आपल्याकडं तपासणीत पास होणारी खासगी गाडी नुसत्या वयावर कुणी मोडत नाही.

म्हणजे निर्णय सरकारनं आमच्यावर सोपवला होता. पोरगा म्हणाला, "अण्णा, काढून टाका." भाऊ म्हणाला, "ठेव. लक्ष्मी हाय ती." मी वही काढली.

२०२१ पर्यंत गाडी वर्षाला अडीच हजार किलोमीटर फिरे. बाजार, लग्नकार्य, कधी पंढरपूर. लिटरला अकरा किलोमीटर देई. अठरा देणारी नवी-जुनी छोटी गाडी घेतली असती तर वर्षाला अठ्ठ्याऐंशी लिटर वाचलं असतं, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास. त्यासाठी सव्वादोन लाख घालणं हा वेडेपणा होता. दुरुस्ती धरूनही फियाट ठेवणं फायद्याचं होतं.

पण २०२१ च्या दिवाळीनंतर आमच्या मंडळींच्या किडन्यांनी काम सोडलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सोलापूर. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर, आठवड्याला एकशे ऐंशी, वर्षाला साडेनऊ हजारांच्या जवळ. त्याच हिशेबानं आता तीनशे तीस लिटरचा फरक पडत होता. पेट्रोल शंभराच्या वर गेलेलं, म्हणजे वर्षाला तेहतीस हजारांच्या वर. गाडी तीच, मालक तोच, आणि वहीतलं उत्तर उलटं आलं.

तरी मी पैशासाठी निर्णय घेतला असं म्हणणार नाही. एप्रिलच्या उन्हात परत येताना लांबोटीजवळ गाडी बंद पडली. सोलापूरचं ऊन त्रेचाळीसच्या पुढं गेलं की जुन्या गाडीच्या पंपात पेट्रोलची वाफ होते. ओला फडका टाकून थांबायचं, हा सगळ्या फियाटवाल्यांना ठाऊक असलेला उपाय. लग्नाला जाताना तो चालतो. चार तास मशीनला लागून आलेलं माणूस मागच्या सीटवर असताना ती चाळीस मिनिटं चालत नाहीत. मंडळी एवढंच बोलल्या, "गाडी कुठली बी असू द्या. मधी थांबाय नगं."

शेतकऱ्याला हे नवीन नाही. बैल आऊताला ओढेना झाला की आपण त्याला गाडीला जुंपतो, गाडीला जमेना झालं की हलक्या कामाला ठेवतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या बाजारात दात बघून वय कळतं, पण घरी ठेवायचा का नाही हे काम बघून ठरतं. आमच्या फियाटचं वय पाच महिन्यांत वाढलं नव्हतं. तिच्याकडून मागायचं काम बदललं होतं. बाजारहाट करणाऱ्या गाडीला आम्ही दवाखान्याची गाडी करायला निघालो होतो.

दोन्ही गाड्या ठेवायचा विचार केला. पण उभी गाडी फुकट उभी राहत नाही. विमा, कर, बॅटरी आणि उंदीर यांचा खर्च चालूच राहतो. मे महिन्यात आठ वर्षं वापरलेली छोटी गाडी घेतली, एअरबॅग असलेली. फियाट मिस्त्रीला दिली. भंगारवाला तीन हजार जास्त देत होता. पण मिस्त्रीकडं फियाटवाली सात-आठ गिऱ्हाइकं होती आणि त्यांना भाग पाहिजे होते. आरटीओत नोंदणी रद्द करून घेतली. तो कागद कुणी विसरू नये, नाहीतर गाडी मोडली तरी ती कागदावर आपल्याच नावावर राहते.

पुढच्या वर्षी बातमी आली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिथली काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. पेपरात लोकांनी हळहळून लिहिलं. मलाही वाईट वाटलं. पण दिवसभर शहरात पळणाऱ्या टॅक्सीची वीस वर्षं आणि आठवड्याला एकदा बाजाराला जाणाऱ्या गाडीची पस्तीस वर्षं एका मापानं मोजता येत नाहीत.

अजूनही कुणी जुनी जीप, जुना ट्रॅक्टर घेऊन विचारायला येतो, ठेवू का काढू. मी त्याला गाडीचं साल विचारत नाही. वर्षाला किती चालते, भाग कुठं मिळतो, मिस्त्री किती लांब आहे, आणि बंद पडली तर आत कोण बसलेलं असेल, एवढं विचारतो. मंडळींना आठवड्यातून दोनदा अजून सोलापूरला नेतो. लांबोटीला थांबतो तो चिवडा घ्यायला.