बाण आणि तोफ

बखरी वाचू लागलो तेव्हा ‘बाण सुटले’ असे शब्द आले की माझ्या डोळ्यांपुढे धनुर्धारी उभा राहायचा. पुढे कळले, की अठराव्या शतकातल्या मराठी लष्करी मजकुरात बाण म्हणजे बहुधा दारूचा बाण, आजच्या भाषेत रॉकेट. दिवाळीत बाटलीत उभा करून आपण पेटवतो, त्याचाच हा थोरला भाऊ. बाटली जराशी कलली की बाण कुठे जातो, हे ज्यांच्या गच्चीत वाळत घातलेली साडी जळाली आहे त्यांना सांगायला नको. बाणाचा हा स्वभाव लष्करालाही चांगलाच भोवला आहे.

‘उद्याचे शस्त्र’ म्हणून जे गाजते, ते रोजच्या तोफेपुढे रणांगणावर किती टिकते, हा प्रश्न आजचा वाटला तरी जुना आहे. योगायोगाने एक माणूस असा सापडतो, ज्याने या दोन्ही शस्त्रांचा मारा हिंदुस्थानात स्वतः सोसला. तो म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

५ एप्रिल १७९९ च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या राईवर वेलस्लीने हल्ला चढवला. अंधारात टिपूच्या सैनिकांनी बाण आणि बंदुका यांचा असा मारा केला, की त्याची तुकडी विस्कटली आणि त्याला माघार घ्यावी लागली. म्हैसूरचे बाण लोखंडी नळीचे होते. कागदी किंवा बांबूच्या नळीपेक्षा लोखंड जास्त दाब सोसते, म्हणून ते दूरवर जात. युरोपच्या सैन्यांत त्यांच्या तोडीचे काही नव्हते. पण दुसऱ्या दिवशी जास्त कुमक आणून इंग्रजांनी ती राई घेतली. महिन्याभराने वेढ्याच्या साध्या, जड तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले. बाणांनी एक रात्र गाजवली. शहराचा निकाल तोफांनी लावला.

चार वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, हाच वेलस्ली असईला मराठ्यांच्या तोफांसमोर आला. काही वर्षांपूर्वी मी ते गाव पाहायला गेलो होतो. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात ते आहे. रणभूमी शोधायला गेलेल्या माणसाला तिथे शेतेच दिसतात. या मोकळ्या जमिनीवर शिंद्यांच्या कंपूंच्या तोफा उभ्या होत्या. त्यांत नवलाचे काही नव्हते. महादजींच्या काळापासून आग्र्याच्या कारखान्यात युरोपीय धर्तीच्या तोफा ओतल्या जात होत्या, आणि त्या चालवणारे गोलंदाज कसलेले होते. गोळा कुठे पडला ते पाहून पुढची नेमबाजी सुधारायची, बार भरायचा, बत्ती द्यायची, हे काम त्यांच्या अंगवळणी पडले होते.

त्या दिवशी इंग्रजांकडची दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. काही गोलंदाज प्रेतांत पडून राहिले आणि शत्रूची रांग पुढे सरकताच उठून त्यांनी तोफा मागून तिच्यावर वळवल्या, अशी नोंद शत्रूनेच केली आहे. लढाई मात्र मराठे हरले. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले मैदानातून निघून गेले होते आणि शंभराच्या आसपास तोफा शत्रूच्या हाती लागल्या. नुसती चांगली तोफ पुरत नाही, हेही असईनेच दाखवले.

इकडे म्हैसूरचे बाण लंडनजवळच्या वुलिच शस्त्रागारात पोहोचले. १८०४ च्या सुमारास विल्यम काँग्रीव्हने त्यांच्यावर प्रयोग सुरू केले आणि १८०७ मध्ये कोपनहेगन शहर या नव्या बाणांनी पेटले. वेलिंग्टनला मात्र त्यांचे कौतुक वाटले नाही. वॉटर्लूच्या आधी त्याने आपल्या बाणपथकाला बाण कोठारात ठेवून तोफा घ्यायला फर्मावले. शेवटी त्या पथकाने तोफांबरोबर थोडे बाण नेले. १७ जून १८१५ रोजी जनाप गावाजवळच्या माघारीत ते उडवले गेले. ही हकिगत तोफखान्याच्या मर्सर या कप्तानाने लिहून ठेवली आहे. पहिला बाण सरळ फ्रेंच तोफेवर गेला आणि गोलंदाज पळाले. नंतरचे मन मानेल तिकडे गेले. एक तर उलटा फिरून खुद्द मर्सरच्याच मागे लागला.

याचे कारण साधे आहे. तोफेच्या गोळ्याला दिशा मिळते ती नळीत, आणि दारू तिथेच जळून जाते. बाणाची दारू उडता उडता जळते. त्याचे वजन दर क्षणी बदलते, वारा त्याला ढकलतो, आणि हाताने भरलेले दोन बाण कधी सारखे नसतात. त्यामुळे पहिला चुकला म्हणून दुसरा सुधारता येत नाही. बाणाला धक्का नाही, जड नळी नाही, एकटा माणूस तो वाहून नेतो, हे त्याचे गुण खरेच होते. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आटे पाडलेल्या नळीच्या तोफा आल्या आणि युरोपच्या सैन्यांतून बाण मागे पडला.

आपल्या काळातले उदाहरण रेलगनचे. दोन समांतर धातुपट्ट्यांतून प्रचंड वीज सोडून, दारूशिवाय गोळा फेकायचा. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकी नौदलाने व्हर्जिनियातल्या डालग्रेनला ३३ मेगाजूलचा बार काढला, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. पण त्या पट्ट्या लवकर झिजत, आणि वीज पुरवायला जहाजही तसेच लागे. सुमारे ५० कोटी डॉलर खर्च झाल्यावर २०२१ मध्ये हा प्रकल्प थांबवण्यात आला. पुढच्याच वर्षी युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि साध्या १५५ मिलिमीटर गोळ्यांच्या टंचाईने युरोपचे कारखाने जागे झाले.

यावरून ‘जुने ते सोने’ म्हणावे, असे मला वाटत नाही. बाण पुन्हा आला. रशियनांनी १९४१ मध्ये ‘कत्यूशा’तून तो झुंडीने सोडला. एक बाण नेमका लागावा हा हट्टच त्यांनी सोडला आणि मोठा प्रदेश एकदम भाजून काढला. आपला ‘पिनाक’ पुण्याच्या पाषाणमधल्या संशोधन संस्थेत आकाराला आला. १९९९ मध्ये, श्रीरंगपट्टणनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, कारगिलमध्ये त्याची चाचणी झाली. तिथेही मुख्य भार बोफोर्सच्या १५५ मिलिमीटर तोफांनीच वाहिला. पिनाक पुढे सुधारत गेला आणि आज सैन्यात आपली जागा धरून आहे.

नव्या शस्त्राच्या प्रात्यक्षिकाची चित्रफीत पाहिली, की मला मर्सर आठवतो. पहिला बाण नेहमीच सरळ जातो. तो पाहायला मंत्री आणि छायाचित्रकार हजर असतात. दहावा कुठे जाईल, पावसात तो पेटेल का, मोडला तर छावणीत कोण दुरुस्त करील, हे ज्याला कळायला हवे तो सैनिक त्या चित्रफितीत दिसत नाही. शस्त्र फसले तर किंमत त्यालाच मोजावी लागते. असईचे गोलंदाज तोफांशेजारी पडले ते तोफ फसली म्हणून नव्हे. त्यांना सोडून जाणारे दुसरेच होते. त्यांची नावे मी शोधली. शत्रूच्या कागदांत तोफांची मोजदाद आहे, त्यांची नावे मला कुठे सापडली नाहीत.