कांबरेश्वराचं उघडं दार

उन्हाळ्यात भाटघरचं पाणी उतरलं की भोर तालुक्यात वेळवंडीच्या पात्रातलं कांबरे गावचं कांबरेश्वर मंदिर वर येतं. एरवी वर्षाचा बहुतेक काळ ते धरणाच्या फुगवट्यात बुडालेलं असतं. भाटघरचं हे लॉइड धरण १९२८च्या सुमारास पुरं झालं, म्हणजे हे बुडणं-उघडणं नव्वदहून जास्त पावसाळे चाललं आहे. तरी थोराड शिळांच्या भिंती उभ्या आहेत. पडझड झाली ती विटा-चुन्याच्या शिखराची. भिंती टिकल्याचं श्रेय पांडवांना देण्याची रीत आहे (सह्याद्रीत जुनं ते पांडवांचं, हा हिशेब सोपा पडतो). माझ्या मते निम्मं श्रेय तरी दाराचं आहे. पाणी चढतं तसं ते दारातून गाभाऱ्यात शिरतं, आतबाहेर सारखाच दाब होतो आणि भिंतीला कुठलाच रेटा सोसावा लागत नाही. धरणाच्या भिंतीला ही सवलत नाही, कारण तिच्या एकाच अंगाला पाणी असतं. भाटघरची दगडी भिंत तो रेटा स्वतःच्या वजनावर पेलते. वेल्ह्यातलं पानशेतचं मातीचं धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटलं, त्याला पाणी सोडण्याच्या विमोचकाचं अपुरं काम कारण झालं हे खरं. पण खचलेल्या बांधावर चाल करून आलं ते एकतर्फी पाणीच.

फ्रेंच समुद्रसंशोधक जाक कूस्तो यांनी १९६३मध्ये सुदानजवळ तांबड्या समुद्रात सुमारे दहा मीटर खोलीवर माणसं महिनाभर राहतील असं घर बसवलं, तेही तळाशी उघडंच होतं. आतल्या हवेचा दाब तिथल्या पाण्याइतका, म्हणजे जमिनीवरच्या जवळपास दुप्पट ठेवला की पाणी उंबऱ्याशीच थांबतं. मात्र घरभर हवेचा दाब एकच राहतो, तर बाहेरच्या पाण्याचा दाब वर जावं तसा घटतो. त्यामुळे छत आतून बाहेर ढकललं जातं: हवेच्या दर मीटर उंचीमागे चौरस मीटरला साधारण एक टन. अशा घराला वजनं लावून तळाशी जखडावं लागतं ते यासाठीच.

मग शिखराखाली कोंडलेल्या हवेनंच शिखर उचकटलं नसेल का, असं कुणी विचारील. समजा शिखर वीस मीटर पाण्याखाली गेलं, तर ती हवा आकुंचन पावून तिसऱ्या हिश्शावर येईल, आणि उरलेली विटांच्या सांध्यांतून निसटेल. तिची भर घालायला तिथे पंप नाही. शिखराचा घात केला असेल तो लाटांनी, ओल-उन्हाच्या फेऱ्यांनी आणि पाण्यात विरघळणाऱ्या चुन्यानं. पण उद्या जीर्णोद्धारात कुणी तेच शिखर सिमेंटनं हवाबंद केलं, तर मीटरभर हवा आत अडकून तो टनाचा रेटा दर पावसाळ्यात विटांवर येईल. गिलावा करायचाच असेल तर माथ्याशी एक भोक मोकळं ठेवावं.