हर्रानियाच्या चित्रजवनिकांतील सुगी

ईजिप्तमध्ये गीझाच्या पिरॅमिडांपासून जवळच, सक्काराच्या वाटेवर हर्रानिया हे गाव आहे. तेथील विणकरांच्या लोकरी चित्रजवनिकांत गव्हाची कापणी, खजुराचे घोस उतरविणे, गाढवांवरून धान्य वाहणे इ. ग्रामीण दृश्ये आढळतात. विसाव्या शतकातील वस्त्रकलेत त्यांना स्वतंत्र स्थान आहे.

यूरोपात चित्रकाराने आराखडा काढावा आणि विणकराने तो जसाच्या तसा वस्त्रात उतरवावा, अशी प्रथा होती. झां ल्यूर्सा (१८९२–१९६६) याने फ्रान्समध्ये या कलेचे पुनरुज्जीवन केले, तेव्हाही ती टिकून राहिली. त्याच्या आराखड्यांत रंगांनाही क्रमांक दिलेले असत. वास्तुकार रामसेस विसा वासेफ (१९११–७४) याने नेमका हाच आराखडा बाजूस सारला. प्रत्येक मुलात उपजत सर्जनशक्ती असते, हा त्याचा सासरा व कलाशिक्षक हबीब गोर्गी याचा विचार त्याने विणकामास लावून पाहिला. जुन्या कैरोतील एका शाळेत प्रारंभिक प्रयोग केल्यावर १९५२ च्या सुमारास त्याने हर्रानिया येथे मातीच्या विटांची, घुमटाकार छपरांची कार्यशाळा उभारण्यास सुरुवात केली. गावातील मुलामुलींना माग देण्यात आले. त्यांच्या कामाचा मोबदलाही त्यांना मिळे. पूर्वरेखाटन करावयाचे नाही, इतरांच्या कलाकृतींचे अनुकरण करावयाचे नाही आणि मोठ्यांनी मुलांच्या कामावर टीका करावयाची नाही, हे तेथील तीन नियम होते.

यांतील पहिला नियम तांत्रिक दृष्ट्या सर्वांत अवघड होय. उभ्या मागावर चित्र खालून वर वाढते आणि विणलेला भाग गुंडाळला जातो. ताडाचे खोड विणताना त्याचा शेंडा कोठे येणार, हे विणकराने मनातच ठरवावे लागते. झालेली चूक रंगचित्राप्रमाणे पुसता येत नाही. या दृश्यांत यथादर्शन जवळजवळ नसते. झाडे, माणसे, पक्षी व जनावरे एकमेकांवर रचल्यासारखी सबंध पृष्ठभाग भरून टाकतात. बाण्याची लोकर मंजिष्ठ, नीळ इ. वनस्पतिज रंगांत रंगविलेली असते.

थीब्झ येथील मेन्नाच्या थडग्यातही (इ. स. पू. सु. १४००) सुगीची प्रसिद्ध चित्रे आहेत, परंतु तेथे कापणीवर देखरेख करणारा अधिकारी हा मध्यवर्ती असून मजूर त्याच्या वैभवाचे साक्षी आहेत. हर्रानियाची सुगी शेतात वाढलेल्यांच्या आठवणीतून आलेली आहे. अशूर मसेल्ही, गरिया महमूद यांसारखे विणकर स्वतःच्या नावाने ओळखले जातात, हेही यूरोपीय कार्यशाळांच्या तुलनेत लक्षणीय ठरते.

या केंद्राच्या वास्तूस १९८३ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. दरम्यान आस्वानचे उच्च धरण १९७० मध्ये पूर्ण होऊन नाईलच्या वार्षिक पुराचे चक्र थांबले, तर गीझाच्या वाढत्या वस्तीने आसपासची बरीच शेती व्यापली. त्यामुळे डोळ्यांपुढील नित्याचे दृश्य म्हणून विणलेल्या या जवनिका आता लुप्त होत चाललेल्या शेतीचे चित्ररूप दस्तऐवज ठरल्या आहेत.