पितळी पाटीवर पाय

साल 1855. नागासाकी शहराच्या उत्तरेला उराकामी नावाचं खोरं आहे. तिथल्या गावप्रमुखाच्या घरी तुम्ही रांगेत उभे आहात. नव्या वर्षाचा पहिला महिना, अनवाणी पायांना थंडी झोंबते आहे. समोर एक पितळी पाटी ठेवली आहे. अशा 20 पाट्या 1669 साली ओतून घेतल्या. कुठे क्रुसावरचा ख्रिस्त, कुठे त्याचा देह मांडीवर घेतलेली मरिया. पावणेदोनशेहून अधिक वर्षं पाय पडून पडून चेहरे गुळगुळीत झाले आहेत. कारकून नाव पुकारतो. तुम्ही पाटीवर पाय ठेवता, उचलता, पुढे सरकता. तुम्ही ख्रिस्ती नाही, याची वहीत नोंद होते.

तुम्ही ख्रिस्ती आहात. तुमची आई होती, तिची आई होती. मागची पोरंही आहेत.

घरी आल्यावर दार लावून सगळे गुडघ्यांवर बसतात आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतात. पाप कबूल करायला फादर मिळाला नाही, तर मनापासून पश्चात्ताप करावा, देव क्षमा करतो, अशी शिकवण 1603 सालच्या एका छोट्या पुस्तकात होती. 1614 साली ख्रिस्ती धर्मावर जपानभर बंदी आली. 1644 साली शेवटचा पाद्रीही मारला गेला. ते पुस्तक हातांनी उतरवत, तोंडपाठ करत इथवर आलं आहे. गावात एक माणूस सणवारांचं पंचांग सांभाळतो, एक जण पाणी घालून बाळांना स्नानसंस्कार देतो, एक घरोघरी निरोप पोचवतो. ना मिस्सा, ना घंटा. म्हाताऱ्या सांगतात, बास्तियान नावाच्या धर्मशिक्षकाने मरण्याआधी सांगून ठेवलंय: सात पिढ्यांनंतर मोठ्या जहाजांतून फादर येतील, आणि मग प्रार्थना मोठ्याने म्हणता येतील.

ख्रिस्ती इतिहास लिहिणाऱ्यांना हुतात्मे फार आवडतात. मला मात्र या रांगेतल्या माणसांचं जास्त नवल वाटतं. हुतात्म्याचा निर्णय एकदाच होतो. यांनी दरवर्षी हरायचं, आणि हरल्यावरही मुलाच्या कानात प्रार्थना सांगायची.

आता दहा वर्षं पुढे या. शुक्रवार, 17 मार्च 1865. पाटी तुडवण्याची पद्धत बंद झाली आहे, बंदी मात्र तशीच आहे. परदेशी व्यापाऱ्यांसाठी फ्रेंचांनी ओउरा टेकडीवर चर्च बांधलंय. शहरातले लोक त्याला ‘फ्रेंचांचं देऊळ’ म्हणतात आणि गंमत म्हणून बघायला जातात. तुम्हीही निघता, पंधराएक जण, बायका, पुरुष, पोरं. गंमत बघायला निघाल्यासारखेच.

वसईच्या वाचकाने इथे जरा थांबावं. हे चर्च ज्या 26 हुतात्म्यांना अर्पण केलं आहे, त्यांतला एक वसईचा आहे. गोन्सालो गार्सिया, बाप पोर्तुगीज, आई इथली. वसईच्या जेझुइट फादरांकडे वाढला, जपानला गेला, व्यापार केला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि दुभाषा म्हणून परत जपानला आला. क्योटोत त्याचा डावा कान छाटला, भर थंडीत नागासाकीपर्यंत चालवलं आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवलं. ओउराच्या चर्चचं तोंड त्याच टेकडीकडे आहे. तुम्ही ज्या दारापाशी पोचलात, ते एका परीने वसईकराच्या नावाचंही दार आहे.

दार बंद आहे. पस्तिशीतला एक दाढीवाला फ्रेंच पाद्री, बर्नार पेतिजाँ, येऊन ते उघडतो, आत जाऊन वेदीसमोर गुडघे टेकतो. कुणीच बोलत नाही. पहारेकरी असतील, हेर असतील. हा तरी आपला, हे कशावरून? मग चाळिशी-पन्नाशीतली एक बाई पुढे होते, छातीवर हात ठेवते आणि त्याच्या कानाशी सांगते की आमचं सगळ्यांचं मन तुमच्यासारखंच आहे. लगेच विचारते, पवित्र मरियेची मूर्ती कुठे आहे?

मूर्ती बघताच सगळ्यांचा धीर सुटतो. मांडीवर बाळ आहे, म्हणजे तीच! कुणी सांगतो, आम्ही सध्या दुःखाचा काळ पाळतोय, आज सतरावा दिवस. पेतिजाँच्या हिशेबानेही प्रायश्चित्तकाळाचा तो सतरावाच दिवस आहे. सव्वादोनशे वर्षं अंधारात मोजलेल्या पंचांगात एका दिवसाचाही फरक नाही.

गोष्ट इथे संपवणारे पुष्कळ आहेत. कठीण भाग मात्र इथून सुरू होतो. लपण्याची तुम्हाला सवय झाली होती. त्यात भीती होती तसा आसराही होता. आता मोकळं व्हायचं म्हणजे काय? 1867 मध्ये एका घरात मयत होते आणि सक्ती असूनही घरचे बौद्ध भिक्षूला बोलवायचं नाकारतात. मग दुसरं घर, तिसरं घर. जुलैच्या एका रात्री शिपाई येतात आणि अडुसष्ट जणांना बांधून नेतात.

मार असा पडतो की जवळजवळ सगळेच धर्म सोडल्याचं कबूल करून सुटतात. त्यांतला ताकागी सेन्एमोन मात्र टिकून राहतो. बाकीचे घरी येतात, तेव्हा घरचेच त्यांच्याकडे पाठ फिरवतात. तुम्ही त्या परतलेल्यांतले आहात असं समजा. भाकरी गोड लागत नाही. आणि एक दिवस त्यांतले कितीतरी जण उठून गावप्रमुखाकडे जातात आणि सांगतात, आमचा शब्द आम्ही मागे घेतो. मारहाण कशी असते हे अंगाने ठाऊक असताना! मी तर याला पहिल्या नकाराहून मोठं धैर्य म्हणेन.

1868 मध्ये राजवट बदलली, सम्राटाचं नवं सरकार आलं, बंदी कायम राहिली. उराकामीच्या 3,394 माणसांना घरांतून काढून देशभर वाटून टाकलं. त्यांतल्या त्सुवानो या गावी ताकागीला गोठलेल्या तळ्यात उतरवलं. यासुतारो नावाच्या तरुणाला तीन फुटी पिंजऱ्यात कोंबलं, तो तिथेच गेला. सहाशेहून अधिक माणसं परतली नाहीत. हजाराच्या आसपास माणसांनी धर्म सोडला. त्यांना नावं ठेवायचा अधिकार निदान मला तरी नाही. परदेशांतून निषेध झाले आणि 1873 मध्ये बंदीचे फलक उतरले. सगळेच काही चर्चमध्ये आले नाहीत. बेटांवरच्या काही वाड्यांनी आजा-पणजांची लपूनछपून चालणारी रीतच पुढे चालवली, कारण त्यांना तीच खरी वाटत होती.

तुम्ही उराकामीला परतता. घरं मोडलीत, शेतात गवत माजलंय, बी-बियाणं नाही. काही वर्षांनी, 1880 मध्ये, उराकामीकर गावप्रमुखाचं ते जुनं घर विकत घेतील आणि तिथे चर्च थाटतील. त्याच जागेवर, जिथे दरवर्षी पाटी ठेवली जायची. पण ते पुढचं. आत्ता 1874 चालू आहे आणि खोऱ्यात हगवणीची साथ आली आहे. इवानागा माकी ही पंचविशीतली बाई, स्वतः हद्दपारी भोगून आलेली, फादर द रोत्झच्या मागे औषधं घेऊन घरोघर हिंडते. शेजारच्या बेटावर देवीची साथ येते, तिथेही ती जाते. एक अनाथ पोर घेऊन परत येते, आणि मग दुसरं, आणि आणखी. तिच्याबरोबरच्या बायका एकत्र राहू लागतात, शेती करून पोरं पोसतात. आज माकी तुमच्या दारात उभी आहे. रोग्यांना उचलायला माणसं कमी पडताहेत. येता का, म्हणून विचारते आहे.