उमजलेले बालगंधर्व, ऐकलेले बालगंधर्व

निलंग्यात मराठीचे अध्यापन करताना भाषांतर आणि अनुवाद यांतला फरक शिकवणे हा दरवर्षीचाच प्रसंग. गेल्या वर्षी उदाहरण म्हणून वर्गात दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकवली. पहिले बालगंधर्वांनी गायलेले ‘स्वयंवर’ नाटकातले एक पद आणि दुसरे तेच पद कुमार गंधर्वांच्या ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या ध्वनिमुद्रिकेतले. तास संपेपर्यंत वर्गाचे दोन तट पडले. दुसरे गाणे म्हणजे पहिल्याची मोडतोड आहे, असे काहींचे म्हणणे पडले. पहिले जुनाट वाटते, खरे गाणे दुसऱ्यातच ऐकू येते, असे इतरांचे. विशेष म्हणजे या मुलांना ना रंगभूमीवरचे बालगंधर्व माहीत होते, ना मैफलीतले कुमार. तरीही त्यांचा वाद मराठी रसिकांनी साठच्या दशकापासून घातलेल्या वादाशी जवळजवळ शब्दशः जुळत होता. तो वाद नेमका कशाचा होता, हे पाहण्यासाठी हा लेख.

प्रथम दोन्ही गंधर्वांविषयी थोडे. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म १८८८चा. ‘बालगंधर्व’ हे नाव त्यांना लोकमान्य टिळकांकडून मिळाले, असे परंपरा सांगते. किर्लोस्कर मंडळीत १९११ साली ‘मानापमान’मधली भामिनी, १९१३ मध्ये स्वतःची गंधर्व नाटक मंडळी, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी आणि १९१९ मध्ये ‘एकच प्याला’तली सिंधू हा त्यांच्या वैभवाचा काळ. ते १९६७ साली निवर्तले. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ यांचा जन्म १९२४चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्यांना बालपणीच मिळाली. मुंबईत प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे शिक्षण झाले. पुढे क्षयाने गाठले, १९४८ साली ते देवासला गेले आणि काही वर्षे गाणे पूर्णपणे थांबले. त्यानंतर परत आलेला गायक निराळाच होता. त्यांचे निधन १९९२ साली झाले.

कुमारांच्या चरित्रातली एक गोष्ट या वादाच्या संदर्भात फार महत्त्वाची आहे. बालवयात ते थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवीत आणि श्रोते थक्क होत. म्हणजे नक्कल ही त्यांना न जमणारी गोष्ट नव्हती. तीच त्यांची पहिली कीर्ती होती. असा माणूस जेव्हा बालगंधर्वांची पदे गायला बसतो आणि बालगंधर्वांसारखी गात नाही, तेव्हा ते त्याचे असामर्थ्य नसून निवड असते. ‘मला उमजलेले’ हे दोन शब्द त्या निवडीचे जाहीर निवेदन आहेत. त्यात विनय आहे तसाच हक्कही आहे. हे बालगंधर्व नव्हेत, असे ते सांगतात, आणि माझ्या समजुतीलाही स्थान आहे, असेही.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे सहज उडवून लावण्याजोगे नाही. बालगंधर्वांच्या गाण्यात लय झुलत राहते, स्वर एकमेकांत मिसळत जातात, बारीक हरकती शब्दाच्या अंगाने येतात आणि ऑर्गन व सारंगी यांचा अखंड पडदा मागे असतो. कुमारांच्या गाण्यात स्वर अचानक उसळतो, मध्येच थांबतो आणि शांततेलाही जागा मिळते. क्षयामुळे दमसास कमी झाला म्हणून वाक्ये तुटक झाली, असे काहींनी म्हटले. ती सौंदर्यदृष्टीच तशी होती, असे इतरांनी. कारण कोणतेही असो, परिणाम स्पष्ट आहे. ज्यांच्या कानात पहिले गाणे मुरलेले होते, त्यांना दुसऱ्यात आपल्या आठवणीची शिवण उसवल्यासारखे वाटले.

पण इथे इतिहासाला एक प्रश्न विचारावा लागतो. ज्या मुळाशी कुमारांनी फारकत घेतली असे म्हणतात, ते मूळ कुठे आहे? संगीत नाटकांची जुनी पुस्तके ज्यांनी चाळली आहेत त्यांना ठाऊक असेल की, पदाच्या डोक्यावर राग आणि ताल यांच्याबरोबर ‘चाल’ छापलेली असे. हे पद अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावे, असे नाटककार उघडपणे सांगे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा साकी, दिंडी आणि कीर्तनातल्या परिचित चालींचा आधार घेतला. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी पारशी रंगभूमीवरच्या चाली आणल्या. ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्याची वाट धरली. ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशींना मराठी शब्दांचा पेहराव दिला. ‘एकच प्याला’त तर पदेही नाटककार गडकऱ्यांची नव्हेत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. म्हणजे चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, नाटक तिसऱ्याचे आणि गळा चौथ्याचा. ज्याला आपण मूळ म्हणतो ते स्वतःच एक पुनर्गायन होते.

या दृष्टीने पाहिले तर कुमारांची कृती वेगळी दिसू लागते. बखलेबुवांनी ख्यालातली चाल नाटकाच्या घरी दिली. अर्धशतकानंतर एका ख्यालगायकाने तिला माहेरपणाला आणले. माहेरी आलेली लेक पूर्वीसारखी राहत नाही, सासरचे वळण तिच्या बोलण्यात येतेच. कुमारांच्या गाण्यातही बालगंधर्वांचे वळण आहे. फक्त ते बाहेरच्या अलंकारात सापडत नाही. मुखड्याच्या समेवर येण्यात आणि एखाद्या स्वरावर रेंगाळण्यात ते जाणवते.

ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत आणखी एक घोटाळा आपण करतो. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. रंगभूमीवर तेच पद ‘वन्समोअर’च्या आग्रहाखातर पुन्हा पुन्हा आणि दरवेळी निराळ्या जागा घेत रंगे, तबल्याला अहमदजान थिरकवांसारखा कलावंत असे. आज आपण तबकडीला प्रमाण मानून कुमारांना मोजतो, पण तबकडी हे त्या गाण्याचे फक्त एका दिवशी काढलेले छायाचित्र होते. बालगंधर्व स्वतःही दुसऱ्या प्रयोगात पहिल्या प्रयोगाची नक्कल करीत नसत.

मराठी समीक्षेला हा पेच नवा नाही. गीतेवरच्या दोन मराठी टीकांची नावेच पाहावीत. ज्ञानदेवांची ‘भावार्थदीपिका’ आणि सतराव्या शतकातल्या वामन पंडितांची ‘यथार्थदीपिका’. एक भावार्थाचा दिवा लावते, दुसरी यथार्थाचा दावा करते. बालगंधर्वांच्या गाण्याचे जसेच्या तसे जतन करणाऱ्यांची परंपरा ही यथार्थदीपिकेची परंपरा म्हणता येईल. तिचे महत्त्व कमी नाही. २०११ सालच्या ‘बालगंधर्व’ चित्रपटासाठी आनंद भाटे गायले, तेव्हा अनेक तरुणांना ती गायकी पहिल्यांदा स्वच्छ ध्वनीत ऐकायला मिळाली. कुमारांचा मार्ग भावार्थाचा. भाष्यकार मूळ संहितेपुढे नम्र असतो, पण तिची प्रत काढत बसत नाही.

येथवर आले की कुमारांचा पक्ष जिंकला, असे वाटू लागते. पण वर्गातल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न मला अजून सोडत नाही. ‘सर, मग रुक्मिणी कुठे गेली?’

हा प्रश्न खरा आहे. बालगंधर्व पद गात तेव्हा ते गायक म्हणून गात नसत, रुक्मिणी किंवा सिंधू म्हणून गात. दारूपायी उद्ध्वस्त झालेल्या घरातली सिंधू गाते तेव्हा स्वराच्या मागे एक संसार असतो, समोर मूल असते, पुढचा प्रवेश असतो. ते पद मैफलीत आले की राग उरतो, ताल उरतो, शब्द उरतात, पण बोलणारी बाई उरत नाही. एका पुरुषाने उभी केलेली स्त्री दुसऱ्या पुरुषाच्या मैफलीत शुद्ध स्वरात विरून जाते. कुमारांच्या भाष्याने पदाचा सांगाडा लख्ख दाखवला हे मान्य केले, तरी त्याची काही किंमत मोजावी लागली हेही मान्य केले पाहिजे.

या ठिकाणी परदेशातले एक अलीकडचे उदाहरण उपयोगी पडते. टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेचा ‘१९८९’ हा पॉप अल्बम ऑक्टोबर २०१४ मध्ये आला. अकरा महिन्यांनी रायन अ‍ॅडम्स या रॉक गायकाने तो संपूर्ण अल्बम, त्याच क्रमाने, गिटारच्या उदास सुरात पुन्हा गाऊन प्रसिद्ध केला. स्विफ्टने त्याचे स्वागत केले, चाहते मात्र भांडले. काहींना वाटले, आता कुठे या गीतांतली खोली कळली. इतरांनी विचारले, ती खोली मुळात नव्हती काय? ‘पिचफोर्क’ या संगीत नियतकालिकाने स्विफ्टच्या अल्बमचे परीक्षण प्रथम छापले नव्हते, अ‍ॅडम्सच्या अल्बमचे मात्र छापले. स्विफ्टच्या मूळ अल्बमकडे ते २०१९ साली वळले. २०२३ मध्ये स्विफ्टने तोच अल्बम स्वतः पुन्हा गायला, कारण जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी तेव्हा तिच्याकडे नव्हती. बालगंधर्व आणि कुमार यांच्याशी या मंडळींची तुलना करण्याचा हेतू नाही. पण वादाचा आकार तोच आहे. गंभीर मानल्या गेलेल्या प्रकारातला गायक लोकप्रिय प्रकारातले गाणे गातो, तेव्हा आपण ‘त्याने ते वर उचलले’ असे म्हणून जातो. त्या म्हणण्यात मूळ गाणे खाली होते, हे गृहीत धरलेले असते.

मराठीतही ही उतरंड आहे. शास्त्रीय, उपशास्त्रीय, सुगम अशा पायऱ्या आपण पाठ केल्या आहेत. नाट्यपद मधल्या पायरीवर. कुमारांनी ते गायले म्हणून ते प्रतिष्ठित झाले, असे म्हणणारा त्यांची स्तुती करीत असतो, पण बालगंधर्वांवर नकळत अन्याय करतो. कुमारांच्या शीर्षकात असा भाव मुळीच नाही. उमजायचे ते काहीतरी आपल्याहून मोठे असते. ज्याला वर उचलायचे असते त्याच्याविषयी कोणी ‘मला उमजले’ असे म्हणत नाही.

मग आमच्या वर्गाने काय ठरवले? आमच्या गावाचा इतिहास इथे थोडा कामी आला. निलंगा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत अहमदपूर आणि उदगीरबरोबर ते मुंबई राज्यात आले. तोवर नाटक कंपन्यांचे वैभव ओसरून गेले होते. आमच्या आधीच्या पिढ्यांना बालगंधर्व भेटले ते रेडिओवर आणि तबकडीवर, आणि माझ्यासारख्या अनेकांनी कुमार आधी ऐकले, बालगंधर्व मागाहून. पुण्यामुंबईच्या रसिकाला मुळाची आठवण होती, म्हणून त्याला पुनर्गायनात उणीव दिसली. आम्हाला भाष्य आधी मिळाले, मूळ नंतर. ज्ञानेश्वरी वाचून गीतेकडे गेलेल्या माणसासारखी आमची गत. अशा माणसाला गीता कमी भेटते असे नाही, पण ती आपली आपण पुन्हा वाचावी लागते.

म्हणून मी मुलांना एवढेच सांगितले की, कोणते गाणे खरे हा प्रश्न सोडून द्या. पुनर्गायन ही समीक्षा आहे असे समजा आणि समीक्षेला विचारतो तेच दोन प्रश्न विचारा. आधी न दिसलेले काय तिने दाखवले? आणि दिसत होते त्यातले काय तिने झाकले? कुमारांनी पदांची ख्यालातली मुळे दाखवली, रुक्मिणी झाकली. बालगंधर्वांनी रुक्मिणी दाखवली आणि ख्याल तिच्या पदराआड ठेवला.

त्यानंतर वर्गात ती दोन ध्वनिमुद्रणे उलट्या क्रमाने ऐकली, आधी कुमार आणि मग बालगंधर्व. प्रश्न विचारणारी ती मुलगी यावेळी काही बोलली नाही. तास संपल्यावर मात्र तिने ‘स्वयंवर’ची छापील प्रत ग्रंथालयातून मागून घेतली. रुक्मिणी ते पद कोणाला उद्देशून आणि कोणत्या प्रसंगी म्हणते, हे तिला पाहायचे होते.