काळ्या पाण्याची बादली

आजा चिखल्याच्या खदानीतून घरी आला की आजी त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. पाणी शाईसारखं काळं व्हायचं. मॅग्नीज म्हणजे न निघणारा डाग, एवढीच माझी समज होती.

मध्य प्रांतातल्या या खनिजासाठी 1896 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभं राहिलं. 1962 मध्ये मॉइल ही खाणकंपनी आली. जवळच्या डोंगरी बुजुर्गचं काळं डायऑक्साइड टॉर्चच्या सेलसाठी जातं. असंच काळं ऑक्साइड पूर्वी ग्लासगोत ब्लीचिंग पावडरसाठी दळलं जाई. तिथल्या पाच मजुरांचे पाय लटपटू लागले, आवाज क्षीण झाला, आणि 1837 मध्ये कूपर नावाच्या डॉक्टराने ते लिहून ठेवलं. पार्किन्सनने कंपवातावर लिहून तेव्हा 20 वर्षं झाली होती.

मॅग्नीजची विषबाधा आणि कंपवात हे आजार दिसायला सख्खे भाऊ, पण वेगळे. अन्नातून आलेलं जादा मॅग्नीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. श्वासातल्या धुळीतलं मॅग्नीज मात्र यकृताला वळसा घालून मेंदूत पोचतं आणि आत खोलवर, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागात साठतं. चेहरा थिजतो. माणूस चवड्यांवर, कोंबड्यासारखा चालतो, मागे सरकताना पडतो. कंपवातावरची लेव्होडोपा इथे फारशी लागू पडत नाही. चिलीच्या खाणकामगारांत आधी विनाकारण हसणं-रडणं सुरू होई. लोक त्याला मॅग्नीजचं वेड म्हणत. आपल्याकडेही 1948च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ही विषबाधा नोंदलेली होती. म्हणजे कागदाला ती कधीची ठाऊक आहे. आमच्या वस्तीत मात्र असा माणूस दिसला की ‘वारं गेलं’ म्हणतात आणि पुढे कोणी विचारत नाही. याचा मला फार त्रास होतो.

शेजारचे काकाजी तरुणपणी दूरच्या एका खदानीत ड्रिलवर होते. आता ते मागच्या मागे पडतात. त्यांना दवाखान्यात नेलं तेव्हा बिडी विचारली, साखर विचारली, काम कोणी विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला केसपेपरवर मीच मोठ्या अक्षरांत लिहिलं: ड्रिलर, मॅग्नीज, 27 वर्षं.

नवी डॉक्टरीण ते वाचून थांबली. खुर्ची जवळ ओढून तिने विचारलं, “काकाजी, ड्रिल मारताना धूळ दबावी म्हणून पाणी सोडत होते का?”

काकाजी बराच वेळ ओठ जुळवत राहिले. “आधी कोरडंच होतं, बाई. पानी मंग आलं.”